वऱ्हाडाने ओढलेली नाव

मी एक जुनी शिडाची नाव आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही कोण जाणे. पण नाईलच्या पाण्यात माझे उभे आयुष्य गेले, त्यातला एक दिवस तरी तुम्हाला सांगावासा वाटतो.

मी बाभळीची. अस्वानजवळच्या काठावर शाझली तांडेलाच्या वडिलांनी मला बांधले. दोन्ही अंगांना वाळूचे पिवळे डोंगर आणि मधून ही निळी नदी. उत्तरेचा वारा शिडात भरला की मी प्रवाहाविरुद्ध दक्षिणेला चढायची. परतताना शीड गुंडाळून अंग पाण्यावर सोडून द्यायची. मडकी, खजूर, शेळ्या, बाळंतिणी, सगळ्यांना मी नेले. हिच्यात बसले की पेल्यातला चहासुद्धा हिंदकळत नाही, असे लोक म्हणायचे.

पुढे इंजिनाच्या होड्या आल्या. मी काठावर पडून राहिले. उन्हाने फळ्यांना भेगा पडल्या, कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या.

मग शाझलीच्या मुलीचे, नब्राचे लग्न वरच्या अंगाच्या गावात ठरले. सासरी जाईन ती आपल्याच नावेतून, असा तिने हट्ट धरला. व्याही फिक्री हसले. म्हणाले, ही वाटेतच बसेल. शाझलीला ते झोंबले. सूर्य मावळायच्या आत नवरी पोचली नाही तर नाव भट्टीवाल्याला सरपणाला देईन, असे तो बोलून बसला. मग त्याने कापूस आणि तेल भरून माझ्या भेगा बुजवल्या.

पुरुष ढोल घेऊन इंजिनाच्या होडीतून पुढे गेले. माझ्यात शाझली आणि साऱ्या बायका. नवरीची आत्या सत्तूना हिने वाटेत बसल्या बसल्या सगळ्यांच्या हातांवर मेंदी थापली. आणि वारा पडला. शीड ओल्या फडक्यासारखे लोंबले. मी मागे वाहू लागले.

शाझलीने मला कसेबसे काठाला लावले, दोर खांद्यावर घेतला. एकट्याने मी हलेना. त्याच्याबरोबर दोर ओढायला म्हणून नब्रा हात धुवायला वाकली.

"खबरदार," आत्या म्हणाली. "मेंदी रंगल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. शाझल्या, बघतोस काय? दोर आमच्या कमरांना बांध."

"ताई, तुझ्या कमरेला पुरेल एवढा दोर नाहीये."

"पुरव. बापाने बांधलेली नाव आहे, भट्टीत घालायचीय का?"

वऱ्हाड काठाने चालू लागले. कमरेला दोर, मेंदीचे हात वर, तोंडात गाणी. सगळ्यांच्या पुढे नवरी. सुकाणू धरून शाझली हसत होता आणि डोळेही पुसत होता. इतक्या आनंदाने मला कुणी कधी ओढले नव्हते.

फिक्रींच्या गावाला लागलो तेव्हा सूर्य वाळूच्या टेकडीला नुकता टेकत होता.

"व्याही, ही स्वतःहून चालली कुठे? बायकांनी ओढत आणली," फिक्री म्हणाले.

आत्या दम खात म्हणाली, "तुमची होडी बंद पडली तर ओढायला एवढ्या जणी येतील का?"

फिक्रींना हसू आवरेना. त्यांनी स्वतः वाकून माझा दोर खुंटाला बांधला.

मित्रांनो, मी भट्टीत गेले नाही. अजूनही वऱ्हाडे नेते. तुमच्याकडे अशी एखादी म्हातारी नाव असेल, तर तिला काठावर वाळत ठेवू नका. पाण्यात राहिले की आमचे लाकूड फुगते, आणि बारीकसारीक भेगा आपल्या आपणच मिटतात.