पायलसाठी मैत्री

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळचे साडेआठ. बुद्धविहारात वंदना आटोपली, तेव्हा दिवाळीच्या सुट्यांत रामटेकला भरणाऱ्या मुक्कामी शिबिरासाठी अकरा मुले ठरली होती. अकरावी पायल. तिने स्वतः हात वर केला, याचा तिच्या आजोबांना, भैय्याजींना, कोण आनंद झाला!

बारा वर्षांची पायल आजवर कुठे मुक्कामाला राहिली नव्हती. मावशीच्या लग्नातूनही हट्टाने रात्री घरी परतली होती. त्याचे कारण तिच्या आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. आठवड्यापूर्वी आईला रजा मिळेना, म्हणून भैय्याजी तिला रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी त्यांना बाहेर बसवले आणि पायलशी एकटीशी बोलल्या. परतताना स्कूटरवर, त्यांच्या पाठीआडून, पायलनेच सांगून टाकले: रात्री अंथरूण ओले होते, आता गोळ्या मिळाल्या आहेत, शिबिराला जाता येईल.

"आबाजी, कोणाले सांगू नका हं."

"मी काहून सांगू वं, बाई?"

भैय्याजी शब्दाचे पक्के. तंत्रनिकेतनात तीस वर्षे विद्युत विभागात शिकवताना उघडी तार दिसली की ते वर्ग थांबवत. पण विहारातली माणसे त्यांच्या लेखी 'कोणी' नव्हतीच. ती घरची होती. वंदनेनंतर आजाऱ्याचे नाव घ्यायचे आणि सर्वांनी त्याच्यासाठी मैत्रीभावना, म्हणजे मनोमन मंगलकामना, करायची, हा तिथला रिवाज. त्या रविवारी नावे विचारली गेली आणि भैय्याजी उठून उभे राहिले.

"माझी नात पायल. हिचं रात्री अंथरूण ओलं होते. औषध चालू आहे. शिबिराच्या आधी बरी व्हावी, म्हणून सर्वांनी मैत्री द्यावी."

"साधू, साधू, साधू!" सभागृह एका सुरात म्हणाले.

पायल मान खाली घालून बसली होती. बाहेर चपला घालताना शिबिराच्या यादीतला चेतन ओरडला, "पायल, शिबिरात रेनकोट घालून झोपजो वं!" पोरे खिदळली. विहारातल्या शोभाताई कळवळून पुढे आल्या. "मनाले लावून घेऊ नको, बेटा. आमच्या अंकुशलेही दहावीपर्यंत होतं!" मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागलेला त्यांचा अंकुश शेजारीच उभा होता. त्याने आईकडे पाहिले आणि गाडीला किक मारली.

अंकुशचा तो चेहरा पाहिला, तेव्हा कुठे भैय्याजींना आपण काय करून बसलो ते उमगले.

गोळ्यांनी मात्र गुण दिला. गादी कोरडी राहू लागली. पुढच्या भेटीत बाईंनी सांगण्याआधीच भैय्याजी बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने बाई दाराशी आल्या.

"आज ती काहीच बोलत नाही. इथलं इथंच राहील, असा शब्द मी तिला दिला होता. घरी काही झालं का?"

"तुमच्याकडून नाही गेलं, बाई," भैय्याजी म्हणाले. "माझ्याकडून गेलं."

त्या संध्याकाळी ते पायलच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. झालेला बिघाड दुरुस्त करायचा, एवढेच त्यांना आयुष्यभर येत होते.

"रविवारी विहारात सर्वांसमोर तुझी माफी मागतो."

पायलने प्रथमच त्यांच्याकडे पाहिले. "अन् पुन्हा सगळ्यांले आठवण करून देणार का?"

भैय्याजींनी स्टूल जरा मागे घेत विचारले, "औषधानं बरं आहे ना आता?"

"आईले सांगतलं मी," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. स्कूटरवर हीच गोष्ट तिने आपणहून त्यांना सांगितली होती.

शनिवारी, २५ तारखेला, शिबिराची बस विहारासमोर लागली. पायलची बॅग तिच्या आईने आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवली होती. बॅग तिथेच राहिली. तरीही भैय्याजी बसजवळ जाऊन उभे राहिले. चालकाने दोनदा हॉर्न दिला. मग दार लागले.

बसमध्ये दहा मुले होती.