दोघींचा कोपरा

"खेटं मोडायचं न्हाईत, शालू. आमी असू, नसू. माघातलं पाचबी रविवार चालायचं."

सुट्टी अर्ध्यात रद्द होऊन पलटणीत परत निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता ह्यांनी सांगितलं. मी "व्हय" म्हटलं. तेवढंच आमचं बोलणं झालं.

खेटे म्हणजे माघातल्या रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी जायचं. आमच्या घरचे तिघे भाऊ फौजेत: हे थोरले, मग पिराजी भावजी, मग सयाजी भावजी. लग्न झाल्यापासून पाच वर्षं मी तिघांसाठी चालत आले होते. सोमवार, चतुर्थी, रोजची पोथी, हे माझं मी धरलेलं. खेट्यांचा शब्द मात्र ह्यांना दिलेला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि चौथ्या दिवशी हे गेल्याची तार आली.

आमच्यात नवरा गेला की बाईनं कोपरा धरायचा. वर्षभर घराच्या एका कोपऱ्यात बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही. मी बसले. धाकटी जाऊ आक्काताई, पिराजी भावजींची बायको, कपाळभर कुंकू लावून मला तिथंच ताट आणून द्यायची.

आठ दिवसांनी आणखी एक तार आली. शेजारच्या बाळासोनं वरवर बघितली, "पयलीच परत धाडली जणू" म्हणाला आणि देवळीत ठेवून दिली. त्याला बोल लावत नाही मी. एका घरात दोन तारा येतील हे त्याच्या मनात आलं नाही, तसं आमच्याही नाही आलं. सहा दिवसांनी पलटणीचं पत्र आलं, तेव्हा ती तार देवळीतून काढून नीट वाचली. पिराजी भावजींची होती.

आक्काताईनं पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्यापाशी आली.

"सरक की जरा. कोपरा काय तुझ्या एकटीचा हाय व्हय?"

आम्हा दोघींना हसू फुटलं. मग आवरेना. सासूबाई, म्हणजे धोंडुबाई आत्ती, चुलीपुढं बसल्या होत्या. त्या मागं वळल्या नाहीत.

सयाजी भावजी तेवढे राहिले. ते अजून सीमेवरच होते.

माघ लागला. पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी मी आत्तींकडं नारळ मागितला. त्यांनी काही न विचारता दिला. पण भिंतीला भिंत भावकीची. तासाभरात चुलतसासरे गणपतराव येऊन सोप्यात बसले.

"दोन तारा आल्या ह्या घरात. आन् तू डोंगर चढतीस?"

"व्हय, मामांजी."

"कोपरा सोडून?"

"पाच रविवार. दिवस मावळायला परत हितंच येती."

"रांडमुंड बाईनं गुलाल उधळायचा? पेठ काय म्हनंल?"

"पेठ माझ्यासंगं कधी चालली न्हवती, मामांजी."

ते पुढं सरकले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आगं, पाच वर्सं पाय झिजवलंस. त्या देवानं काय दिलं तुला?"

हे मात्र आत लागलं. रात्रंदिवस मी तेच तर देवाला विचारत होते. माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"त्यानं त्याचं पाळलं न्हाय. म्हनून मी माझं मोडू व्हय? उद्या वर जाऊन त्याच्या म्होरं हुबी ऱ्हाती. बघू दे की त्याला माझ्याकडं."

"आन् कुणाच्या नावानं चालनार? मानसंच न्हाईत तर..."

"कृष्णात. पिराजी. सयाजी."

नवऱ्याचं नाव जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. तेही मोठ्या माणसासमोर. गणपतराव आत्तींकडं वळले.

"वैनी, तुमी तरी सांगा तुमच्या सुनंला."

आत्ती सुपातले तांदूळ निवडत होत्या. "तिघं भरती झाली तवा तुमी हलगी लावून पेठंतनं मिरवलं त्यास्नी, भावजी. म्या रडत हुती, मला कुनी इचारलं न्हाय. आता हिला तुमी इचारू नगासा."

"मग भावकीच्या पंगतीला ह्या घराचं पान न्हाय."

"बरं," आत्ती म्हणाल्या आणि सूप पाखडलं.

रविवारी तांबडं फुटायच्या आत मी आंघोळ केली. आदल्या दिवसाचा उपास होता, पोट हलकं होतं. पदरात नारळ बांधला. गुलालाची पुडी आत्तींनी स्वतः माझ्या हातात दिली. आक्काताई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"येतीस?" मी विचारलं.

"तू जा. पिराजीचं बी तूच चाल. मी तुझी जागा धरून ठेवती. न्हाईतर आत्ती हितं कोंबड्या डालतील."

मी उंबऱ्यावर क्षणभर थांबले. गणपतरावांच्या दारात कंदील होता आणि ते स्वतः घोंगडं पांघरून उभे होते. त्यांनी बघितलं. मी पदर डोक्यावर घेतला, चपला दाराशी ठेवल्या आणि पंचगंगेच्या पुलाकडं चालू लागले.