हाकेला ओ

सारजाबाईंनी सुपातला तांदूळ पाखडला, खडा वेचून अंगणात भिरकावला आणि लेकीकडं न बघताच विचारलं, किकवीला काय कळवणार? किकवीहून स्नेहलच्या होणाऱ्या सासरचा निरोप सकाळीच आला होता. लग्नात सुनेचं नाव प्रगती ठेवायचंय, चालेल ना, आजच सांगा. लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवरदेव अमृतनं तर एक शब्दही लिहिला नव्हता, मोबाईलवर नुसता अंगठा धाडला होता.

स्नेहल लॅपटॉपपुढं वैतागून बसली होती. नोकरीतल्या प्रोग्राममध्ये तिनं एका यादीला दुसरं नाव दिलं, वेगळी प्रत झाली असं समजून ती पुसली, तर मूळ यादीच साफ! दोन्ही नावं एकाच यादीची होती, हे कळायला अख्खी सकाळ गेली.

आता तेच ती आईला सांगू लागली. खरं तर आईला कमी, स्वतःलाच जास्त. नावं दोन असली तरी आत वस्तू एकच असते, कुठल्याही नावानं हाक मारा, तीच ओ देते. मग स्नेहल काय न् प्रगती काय, बिघडतंय कुठं?

“आनि जुन्या नावानं कुनी हाकच न्हाई मारली तर?”

“दुसरं असतंच की. वस्तू कुठं जात नाही.”

सारजाबाईंचा हात सुपातच थांबला. मार्गासनीला, माहेरी, त्या हौसा होत्या. लग्नात सारजा झाल्या. हौसा म्हणणारा भाऊ, चिमाजी, तेवढा उरला होता; दोन वर्षांमागं तोही गेला. हे सगळं त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितलं. मामा फाटकातून ‘हौसे’ म्हणून ओरडायचा, ते स्नेहल लाडाचं काहीतरी समजत आली होती.

“हाय की वस्तू हितंच,” म्हणत सारजाबाई गोठ्यात गेल्या.

स्नेहलला राहवेना. उंबऱ्यात येऊन तिनं हाक मारली.

“हौसे!”

“ओ!” लगेच आवाज आला, परकरी पोरीसारखा. शेणाचे हात तसेच घेऊन सारजाबाई धावत बाहेर आल्या. लेकीकडं त्यांनी पाहिलंच नाही. फाटकाकडं बघत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मोबाईल वाजला. होणाऱ्या सासूबाई होत्या.

“कोन, आमची प्रगती का?”

आईची नजर अजून फाटकावरच होती.

“नाही,” ती म्हणाली. “मी स्नेहल बोलतेय.”