लाल लिंबू आणि गाभण मेंढ्या

"रक्त! रक्त!" करत सगळे पुढे घुसले. मांत्रिक महादेवबुवाने चिरलेल्या लिंबातून लाल थेंब गळत होते, आणि माझ्याच शेतात अर्धं आपटा गाव हात जोडून उभं होतं. मोबाइलवर फोटो काढणारेही होते. मला संताप आवरेना.

भातकापणी झाली की घाटावरचा काशीराम धनगर दरवर्षी माझ्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवतो. यंदा त्या गाभ टाकायला लागल्या. बुवाने उपाय सांगितला: गर्भाबरोबर पडलेली वार काठीला बांधून अख्ख्या कळपावरून ओवाळायची. ओवाळली. मग तर मेंढ्या गाभडण्याचा सपाटाच लागला.

"दोष मेंढरांत नाय," बुवाने डोळे फिरवले, "दोष या पोटात हाय!" बोट काशीरामच्या पोटुशी सुनेकडे, ठकूकडे. "हिच्या गर्भानं मेंढरांचे गर्भ गिळले! मेलेलं कोकरू ओटीत घे नि कळपाला फेऱ्या घाल!"

गर्भाला एवढी भूक लागते हे बुवाला कुणी कळवलं, देव जाणे.

"घे पोरी," काशीराम पुटपुटला. ठकूने पदर पसरला. मी पुनःपुन्हा रस्त्याकडे बघत होतो. पनवेलहून गुरांच्या डॉक्टर सुरैय्याबाईंना बोलावलं होतं, त्या येईनात.

"हात लावू नकोस!" स्कूटर तशीच टाकून बाई धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी स्वतःची सुरी पुढे केली. "बुवा, आता या सुरीने लिंबू चिरा."

साधा रस निघाला. बाईंनी माझ्या कुंपणावरची जास्वंद पात्यावर चोळली, रस सुकू दिला, दुसरं लिंबू चिरलं. लाल!

"आंबट रसाने जास्वंदीचा रंग लाल होतो, बस. बुवाच्या सुरीलाही तेच चोळलेलं. काशीराम, नवी मेंढी आणलीस?"

"बाजारातनं, एक काळी. तीच पयली गाभडली."

बाईंनी हातमोजे चढवून वारेचा तुकडा आणि मेंढ्यांचं रक्त तपासणीला नेलं. अहवाल आला, त्यात ब्रुसेला नावाचा जंतू निघाला.

"हा जंतू वारेत असतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओवाळून तो कळपभर वाटलात. माणसालाही होतो. ठकूचंही पोट धोक्यात आलं असतं."

काशीराम ठकूकडे वळला. "पोरी, मीच तुला घे म्हनलो गं."

मंडळी, मेंढी गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा, रक्त तपासून घ्या. आणि कुणी एखाद्या बाईच्या पोटाकडे बोट दाखवलं, तर आधी त्याची सुरी तपासा.