धम्मानंद सरांची गैरहजेरी

जरीपटक्याच्या शाळेत नववीला इतिहास शिकवणाऱ्या धम्मानंद सरांचा एकच धोशा होता: पुराव्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आज ‘एक घटना पुराव्यासह लिहा’ या प्रश्नाचं उत्तर लिहून वर्गातल्या नंदिनीनं वही पुढे केली. ‘सर आज गैरहजर आहेत. पुरावा: शिक्षकांच्या मस्टरवर सरांच्या नावापुढे लाल फुली.’

सकाळच्या घाईत सही राहून गेली होती. सर भडकले, "मंग मी इथं काय करून राहिलो वं?"

"ते तुमचं म्हणणं झालं, सर. लेखी काही आहे?"

सरांनी वर्गाकडे आशेनं पाहिलं. सगळे माना खाली घालून तेच उतरवून घेत होते.

सरांनी उत्तर दोनदा वाचलं. चूक सापडेना. नाइलाजानं दहापैकी दहा दिले. मग गैरहजर माणसानं दिलेले गुण ग्राह्य कसे, म्हणून ते खोडले आणि डबा उचलून घरी गेले.