चौथी कॉइल

निवृत्त प्राध्यापकांना कारखानदार दोन कारणांसाठी बोलावतात: फीत कापायला, किंवा परदेशी यंत्र बिघडले की. डॉ. लक्ष्मीकांत उपासनींना मकरपुऱ्याच्या ॲल्युमिनियम फाउंड्रीतून बोलावणे आले ते दुसऱ्या कारणासाठी. भट्टीतला वितळलेला रस ढवळणारे यंत्र बंद पडले होते. त्या यंत्राला ना कांडी होती ना पाते. भट्टीखाली ओळीने सहा कॉइली होत्या, प्रत्येकीतला प्रवाह आधीच्या कॉइलपेक्षा किंचित उशिरा चढणारा. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते आणि रसाला न शिवता आपल्याबरोबर ओढून नेते. त्यातली एक कॉइल जळली होती.

"कंपनी म्हणते, नवी यायला चार महिने," तरुण मालक धवल म्हणाला. "म्हणून परवाच तरसालीला नयनाबेनकडे टाकली. आख्ख्या बडोद्यात असल्या कॉइलची तार तीच नव्याने भरते. तुम्ही फक्त एकदा बघून घ्या ने, साहेब."

"नयना शिर्के?"

"ओळखता? बस, मग तर काम झालंच!"

उपासनी ओळखत होते. तरसाली त्यांच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर; बारा वर्षांत ते तिकडे एकदाही फिरकले नव्हते. यालाही चिकाटी लागते.

बारा वर्षांपूर्वी, ते शिकवत त्या संस्थेत, नयनाने याच तत्त्वावर पीएच.डी.साठी यंत्र बांधले होते. चिनीमातीच्या पन्हळीतून वितळलेले कथील सरकवून दाखवायचे होते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एक कॉइल जळली. रेल्वे वर्कशॉपात जन्मभर मोटरी भरलेल्या तिच्या वडिलांनी, श्रीपतरावांनी, ती घाईघाईने भरून जोडून दिली. दुसऱ्या दिवशी चार परीक्षकांसमोर कथील थरथरले, गुणगुणले, तापले. तसूभरही सरकले नाही.

तिघे परीक्षक तिच्या समीकरणांत चूक शोधत राहिले. चौथे परीक्षक उपासनी; त्यांना खरी चूक आत पाऊल टाकताच दिसली होती. पाच कॉइलींची पिवळी टोके डावीकडे होती, चौथीचे उजवीकडे. चौथीतले क्षेत्र उलटे पडले होते आणि त्याने बाकी पाचांच्या धावण्याला खीळ घातली होती. दोन टोकांची अदलाबदल करायची, पाना हातात घेतला तर चार मिनिटांचे काम.

परीक्षकाने विचारावे, सुचवू नये, असा एक दंडक त्यांना त्या क्षणी आठवला. एरवी तो कधी आठवत नसे. नयनाचे मार्गदर्शक प्रतापसिंहराव यांनी वर्षभरापूर्वी भर सभेत उपासनींच्या निबंधातले एक चिन्ह चुकल्याचे फळ्यावर दाखवले होते: अधिकाच्या जागी वजा हवे होते. एका वजाचिन्हाचा सूड त्यांनी एका मुलीवर उगवला. 'तत्त्व सिद्ध झाले नाही' हे अहवालातले वाक्य त्यांनीच सुचवले. वाक्य निर्दोष होते. पुन्हा प्रयोगाची संधी मागणारा तिचा अर्ज आला, तेव्हा 'नियमांत तरतूद नाही' हेही त्यांच्याच हस्ताक्षरात होते.

तरसालीच्या दुकानात भिंतीवर श्रीपतरावांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. नयना फाउंड्रीच्या कॉइलवर वार्निशचा शेवटचा हात फिरवत होती.

"या सर. बसा. चहा सांगते." आवाज अगदी साधा होता. उपासनींना शिव्या अधिक सोयीच्या वाटल्या असत्या.

"बाबा कधी...?"

"गेल्या दिवाळीच्या आधी. तुम्ही पाहिलं होतंत त्यांना. त्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते, पेढ्यांचा पुडा घेऊन."

उपासनींना बाक आठवला. माणूस आठवला नाही.

"यंत्र भंगारात निघालं तेव्हा मी घरी आणलं," ती म्हणाली. "उघडलं तर चौथीची टोकं उलटी. बाबा म्हणाले, हे माझ्या हातचं. त्यानंतर तारेला हात लावला नाही त्यांनी. मला शिकवलं ते नुसतं तोंडानं, हात पाठीमागे धरून. तुमची आठवण काढायचे, सर."

"माझी?"

"हो ना. म्हणायचे, चार-चार विद्वानांच्या नजरेतून सुटलं, मग मी तर साधा वायंडर. तेवढाच आधार होता त्यांना."

न बोलण्यासाठी इतके सुसंस्कृत कारण उपासनींना दुसऱ्यांदा मिळत होते. मेलेल्या माणसाचा आधार कशाला काढून घ्यायचा? दंडकापेक्षा हे कारण अधिक देखणे होते, म्हणूनच त्यांना त्याची किळस आली.

"सुटलं नव्हतं," ते म्हणाले. "मला दिसलं होतं."

नयनाचा ब्रश थांबला. "कधी?"

"आत आलो तेव्हाच."

"म्हणजे बाबा बाहेर बसले होते तेव्हा."

"हो."

तिने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, हात पुसले, एकेक बोट सावकाश. पोऱ्या चहा ठेवून गेला. कोणीच कप उचलला नाही.

"हे त्यांना सांगायचं होतं, सर. मला सांगून काय?"

"मला क्षमा..."

"ते त्यांनी केलं असतं. वर चहाही पाजला असता. मला नाही जमणार." तिने कंपनीचा नकाशा त्यांच्यापुढे सरकवला आणि कॉइल वळवली. "टोकं ताडून बघा. काही चुकलं असेल तर आत्ता बोला."

उपासनींनी चष्मा पुसला. पिवळे टोक, काळे टोक, वेटोळ्यांची दिशा, बाण. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. चूक सापडली असती तर त्यांना बरे वाटले असते. निदान या वेळी ती सांगता आली असती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"लिहून द्या."

आयुष्यभर सफाईदार वाक्ये लिहिणाऱ्या त्या माणसाने जॉबच्या कागदावर तीन शब्द लिहिले: टोके बरोबर आहेत. खाली सही केली.

नयनाने कागद उचलला, वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख घाला, सर."

त्यांनी आजची घातली. दुसरी घालता येण्याजोगी नव्हती.