पाटकऱ्याचं टोकन

"आजोबा, इकडे फोनमध्ये बघा. जेवलात का?"

"हो, मघाशीच," पाटकरी म्हणाले आणि फोटो निघतोय म्हणून चक्क हसलेही.

आतल्या खोलीत त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. कालपासून घरात शिजवायला दाणा नव्हता. पण दारातल्या पाहणीवाल्या ताईच्या फोनवर हिरवी खूण उमटली आणि ताई खुशीत निघूनही गेली.

योजना दिसायला सरळ होती. लांबची माणसं फोनवरून डिजिटल टोकन विकत घेत. त्या पैशातून शेतात बियाणं पडे आणि पीक आलं की दर टोकनामागे एका उपाशी घराला महिन्याला एक पोतं मिळे. त्या घराने आपल्या तोंडाने 'जेवलो' म्हटलं की भूक मिटली, टोकन पूर्ण. पूर्ण झालेलं टोकन मग चढ्या भावाने विकलं जाई. पाटकऱ्यांना दोन पोती मिळाली होती, तिसऱ्याला उशीर झाला होता.

माणूस खोटारडा नव्हता, उलट सरळपणाच त्याला नडला. तीस वर्षं त्यांनी पाटकरी म्हणून कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडलं. ज्याच्या घरी जेवावं त्याच्या शेतात पाणी आधी वळतं, हे ते ओळखून होते. म्हणून कुणीही ताट पुढे केलं, तरी पोटात कावळे ओरडत असताना "मघाशीच जेवलो" म्हणून ते चालू लागत. जिभेला तेच वळण पडलं होतं. दारात आलेल्या परक्या माणसाला कुणी 'उपाशी आहे' म्हणतं का? 'जेवलात का' हा प्रश्न ज्याने फोनमध्ये घातला, त्याला जन्मात कुणी पाहुणा म्हणून बोलावलंच नसावं.

गोदामावरचा कारकून म्हणाला, "तुमचं टोकन पूर्ण झालंय. पोतं बंद."

"अहो, ते मी आपलं असंच म्हटलं होतं."

"असंच म्हणजे?"

पाटकऱ्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मशीनला 'असंच' कळत नाही, आजोबा. नवं नाव पुढच्या पिकाला लागेल. पण गुरुवारी टोकनवाले साहेब येतायत, त्यांना तुम्हाला भेटायचंय. स्वच्छ शर्ट घालून या."

गुरुवारी बायकोने हातात रिकामी पिशवी दिली. "या वेळी तरी लाजू नका. मी आधण ठेवते."

साहेब माणूस गोड होता. त्याने पाटकऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता काही अडचण नाही ना?"

मान खाली घालून, आयुष्यात पहिल्यांदा, पाटकरी म्हणाले, "आहे. घरात दाणा नाही. आम्ही दोघं उपाशी आहोत."

कारकून घाईने हसला. "आजोबा थट्टेखोर आहेत, साहेब."

साहेबही हसला. त्याने फोन काढून पाटकऱ्यांना त्यांचाच हसरा चेहरा दाखवला. "असं हसून सांगितलंत, म्हणून तर मी हे टोकन घेतलं."

मग फोटो निघाला. पाटकऱ्यांच्या हातात धान्याचं भरलेलं पोतं दिलं होतं. ते पेलत त्यांनी मान ताठ ठेवली. फोटो झाल्यावर कारकून म्हणाला, "पोतं जागेवर ठेवा." त्यांनी ते थप्पीवर नीट लावलं आणि शर्टाला लागलेला भुसा तिथेच झटकला.

घरी आधणाला उकळी आली होती. बायकोने पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिने गॅस बंद केला, ते पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि एक त्यांच्यापुढे ठेवला.

"गरम आहे तोवर घ्या," ती म्हणाली.